चावी कोणाकडे, निरोप कोणाला? नेटवर्कमधले ग्रुप आधी कागदावर आखा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी फळ्यावर दोन रकाने काढले होते. एकावर लिहिलं ‘चावी’, दुसऱ्यावर ‘निरोप’. व्हिडिओ बारा मिनिटांचा, त्यात सगळं मावलं नाही. जे राहिलं ते इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन जवळ ठेवा, शेवटी तुम्हाला एक तक्ता करायचा आहे.

पण आधी माझी स्वतःची चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय हा विषय कोरडा वाटेल.

चिखलीत माझं ठिबक, पाइप आणि मोटारपंपाचं दुकान आहे. खामगाव रोडला गोडाऊन, मेहकरला छोटी शाखा. माणसं मोजून अकरा. तीन वर्षांपूर्वी महिनाअखेरीला स्टॉक जुळवताना २३,४०० रुपयांचा फरक निघाला. कॉम्प्युटरमध्ये पाहिलं तर सात बिलं नंतर बदललेली होती आणि सातही ठिकाणी एकाच पोराचं नाव. हा पोरगा दिवाळीतच काम सोडून दुसऱ्या दुकानात गेला होता. माझं डोकं फिरलं. लगेच फोन लावला आणि नको ते बोललो.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “भाऊ, मी तं चार महिने झाले सोडून. तुमच्या कॉम्प्युटरले हातबी नाही लावला. पण एक सांगतो, तुमचे खरेदी भावाचे मेल मले अजून येऊन राहिले. मी उघडत नाही, पण तुम्ही ते बंद करा.”

शोध घेतल्यावर काय निघालं? त्याच्या जागी आलेला नवीन मुलगा त्याच्याच आयडीवर काम करत होता. आणि तो आयडी त्याला दिला कोणी? मीच. “आता नवीन आयडी कुठे काढत बसतो, याचाच पासवर्ड घे,” असं मीच म्हणालो होतो. नवीन मुलानं चोरी केली नव्हती. परत आलेल्या मालाची नोंद कशी करायची हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून तो जुनं बिलच उघडून बदलायचा. पैशाचा हिशेब दोन दिवसांत लागला.

जुन्या पोराच्या गावी जाऊन मी माफी मागितली. त्याच्या आईनं चहा केला. निघताना तो एवढंच म्हणाला, “पैशाचं जाऊ द्या भाऊ, पण माझं नाव कायले लावलं?”

खरंच की. दुकानातून तो गेला होता, पण त्याचं नाव चावीला लटकलेलंच होतं, आणि मेलच्या यादीतही. या दोन वेगळ्या चुका आहेत. बहुतेक छोटे व्यावसायिक दोन्ही एकदमच करतात, कारण दोन्हीची आखणी कागदावर कधी झालेलीच नसते.

दवंडी वेगळी, दफ्तराची चावी वेगळी

आपल्या गावात कोतवाल दवंडी द्यायचा. दवंडी सगळ्यांनी ऐकायची. पण दवंडी ऐकली म्हणून कोणी चावडीत जाऊन तलाठ्याचं दफ्तर उघडू शकत नव्हतं. निरोप मिळणं आणि कपाट उघडता येणं या दोन गोष्टी गावानं कधीच एकत्र केल्या नाहीत.

कंपनीच्या नेटवर्कमध्येही हेच दोन प्रकार आहेत. मायक्रोसॉफ्टची अॅक्टिव्ह डिरेक्टरी २००० साली विंडोज २००० सर्व्हरबरोबर आली, आणि आजही बऱ्याच ऑफिसांचा कारभार तिच्यावर चालतो. तिच्यात ग्रुप बनवायला गेलात की ती पहिल्यांदा विचारते, प्रकार कोणता? सिक्युरिटी की डिस्ट्रिब्युशन?

सिक्युरिटी ग्रुप म्हणजे चावी. कोणतं फोल्डर कोण उघडणार, कोण फक्त वाचणार, कोण बदलणार, कोणत्या प्रिंटरवर कोण छापणार, हे त्यावरून ठरतं.

डिस्ट्रिब्युशन ग्रुप म्हणजे निरोपाची यादी. एका पत्त्यावर मेल टाकला की यादीतल्या सगळ्यांना जातो. त्याचं काम तिथे संपतं. या यादीला कुठल्याही फोल्डरची परवानगी देता येत नाही.

आता इथे एक मेख आहे. सिक्युरिटी ग्रुपला मेलचा पत्ता जोडता येतो. म्हणजे एकच ग्रुप चावीही देतो आणि निरोपही पोचवतो. ऐकायला बरं वाटतं, दोन याद्या सांभाळायची कटकट नाही. पण व्यवहारात काय होतं ते बघा. मेलच्या यादीत माणूस घालताना आपण फार विचार करत नाही. “अरे, त्या वाहतूकवाल्यालाही हे मेल जाऊ दे,” असं म्हणतो आणि घालून टाकतो. ग्रुप जर चावीचाही असेल, तर निरोपाबरोबर कपाटही त्याच्या हातात गेलं. आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण त्या क्षणी आपण फक्त मेलचा विचार करत असतो.

म्हणून माझा सल्ला साधा आहे. छोट्या धंद्यात चावीचे ग्रुप वेगळे, निरोपाच्या याद्या वेगळ्या. नावावरूनच कळलं पाहिजे की हे काय आहे.

माणसाला नाही, कामाला चावी द्या

खामगावच्या बाजार समितीत कधी सकाळी गेलात तर नीट निरीक्षण करा. अडत्या, व्यापारी, मापाडी, हमाल, प्रत्येकाचं लायसन्स वेगळं. मापाडी माप करतो, लिलावात बोली लावत नाही. हमाल पोतं उचलतो, हिशेबपट्टी करत नाही. उद्या एक मापाडी बदलला तरी मापाचं काम तेच राहतं आणि त्या कामाचे अधिकारही तेच राहतात. शेगावला संस्थानात सेवेकरी पाळीपाळीनं येतात. माणूस बदलतो, सेवा तीच राहते.

नेटवर्कमध्ये नेमकं उलटं केलं जातं. राजूला हे फोल्डर, संगीताताईंना ते फोल्डर, अशा परवानग्या थेट माणसाच्या नावावर दिल्या जातात. मग राजू गेला की त्याच्या नावावर काय काय होतं हे कोणालाच आठवत नाही. नवीन माणसाला सगळं पुन्हा द्यायचं म्हणजे अर्धा दिवस गेला. त्यापेक्षा जुना आयडी देणं सोपं. मी हेच केलं होतं.

मोठ्या कंपन्यांत यासाठी एक ठरलेली पद्धत आहे. मायक्रोसॉफ्टच्या जगात तिला ‘एजीडीएलपी’ म्हणतात. नावाला घाबरू नका, अर्थ चार पायऱ्यांचा आहे:

१. माणसाचं खातं.
२. ते खातं जातं कामाच्या ग्रुपमध्ये, उदा. ‘काउंटर’, ‘हिशेब’.
३. कामाचा ग्रुप जातो दाराच्या ग्रुपमध्ये, उदा. ‘खरेदी भाव – फक्त वाचणे’.
४. फोल्डरवर परवानगी मिळते ती फक्त दाराच्या ग्रुपला.

तुम्ही म्हणाल, मधे दोन-दोन ग्रुप कशाला? माझ्या दुकानाचंच गणित करू. माणसं अकरा आणि फोल्डर सहा: खरेदी भाव, बिलिंग, स्टॉक, पगार, जीएसटीचे कागद, मालाचे फोटो. प्रत्येक माणसागणिक प्रत्येक फोल्डर ठरवायचं म्हटलं तर ६६ निर्णय. आता कामं बघा: मालक, हिशेब, काउंटर, गोडाऊन, मेहकर शाखा. पाच कामं गुणिले सहा फोल्डर, म्हणजे ३० निर्णय. तेही एकदाच. त्यानंतर नवीन माणूस आला की निर्णय फक्त एक: हा कोणत्या कामावर आहे?

आणि उद्या तुम्ही खरेदी भावाचं फोल्डर दुसऱ्या कॉम्प्युटरवर हलवलं, तर तिथे फक्त त्या दाराचे ग्रुप लावायचे. कामाचे ग्रुप आणि माणसं यांना हात लावायची गरजच नाही. मधल्या पायरीचा फायदा हा.

आमच्याकडचा तक्ता आता असा आहे. काउंटरला बिलिंगमध्ये लिहिता येतं, स्टॉक वाचता येतो, खरेदी भाव दिसतच नाही. गोडाऊनला स्टॉकमध्ये लिहिता येतं, बिलं दिसतात पण बदलता येत नाहीत. हिशेबाला पगार सोडून जवळपास सगळं. पगाराचं फोल्डर मालक आणि आमच्या हिशेबाच्या ताई, दोघांपुरतं. त्यासाठी ‘पगार – बदलणे’ असा दाराचा ग्रुप केला आणि ताईंसाठी ‘हिशेब प्रमुख’ असं वेगळं काम ठरवलं. त्यांचं नाव थेट फोल्डरवर लावलं नाही. उद्या त्या रजेवर गेल्या आणि दुसरं कोणी ते काम पाहिलं तरी अडणार नाही.

नियम एकच: कामासाठी लागेल तेवढंच द्या. अविश्वास म्हणून नाही. ज्याच्या हातात जास्त चाव्या, त्याच्यावर संशयही जास्त. माणसाला संशयापासून वाचवायचं असेल तर त्याला नको असलेली चावी देऊच नका.

काही बारीक गोष्टी, ज्या सेटिंग करताना हमखास अडवतात:

ग्रुपमध्ये नाव घातलं तरी फोल्डर उघडत नाही, अशी तक्रार येते. माणूस लॉगिन करतो तेव्हा तो कोणकोणत्या ग्रुपमध्ये आहे याची यादी विंडोज त्याला देतो. नंतर नाव घातलं तर त्याला लॉगऑफ करून पुन्हा यावं लागतं. काढतानाही हे लक्षात ठेवा: नाव काढल्यावर त्याचं चालू लॉगिन बंद करा.

शेअरची परवानगी वेगळी आणि फोल्डरची परवानगी वेगळी. नेटवर्कवरून आलेल्याला दोन्हीतली जी कडक ती लागू होते. म्हणून “मी तर परवानगी दिली आहे” म्हणण्याआधी दोन्ही ठिकाणी बघा.

‘डिनाय’ म्हणजे मनाईची खूण शक्यतो वापरू नका. माणूस दोन ग्रुपमध्ये असेल, एकात परवानगी आणि एकात तशीच थेट मनाई असेल, तर मनाई जिंकते. मग मालकालाच स्वतःचं फोल्डर उघडत नाही. ज्याला द्यायचं नाही त्याला ग्रुपमध्ये घालूच नका, एवढं पुरे.

आणि ‘एव्हरीवन’ला पूर्ण परवानगी देऊन “चालतंय ना” म्हणू नका. चालतंय, कारण दारच काढून ठेवलंय.

निरोपाच्या याद्या: छोटी चूक, मोठा गोंधळ

आता दुसरा रकाना. मेलची यादी निरुपद्रवी वाटते. पण ज्यांनी हे मेलचं सॉफ्टवेअर बनवलं, त्या मायक्रोसॉफ्टलाच १९९७ साली तिचा फटका बसला. ‘बेडलाम डीएल३’ नावाची एक डिस्ट्रिब्युशन लिस्ट होती, तिच्यात सुमारे १३ हजार कर्मचारी. एकानं स्वतःचं नाव यादीत पाहिलं आणि यादीलाच मेल केला की मला यातून काढा. मेल सगळ्यांना गेला. मग उत्तरं सुरू झाली, “मलाही!” प्रत्येक उत्तर पुन्हा १३ हजारांना. कोणी लिहिलं, “सगळ्यांना उत्तर देणं थांबवा,” तेही सगळ्यांनाच. तासाभरात दीड कोटींच्या आसपास मेल फिरले आणि मेलची व्यवस्था कोलमडली.

हा किस्सा जुना म्हणून सोडू नका. नोव्हेंबर २०१६ मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेत एक चाचणी मेल चुकून सुमारे ८ लाख ४० हजार खात्यांना गेला आणि लोकांच्या ‘रिप्लाय ऑल’नं दिवसभर मेल रखडले. दोन्ही ठिकाणी कोणी हॅकर नव्हता. यादीला कोण लिहू शकतो, हे कोणी आधी ठरवलं नव्हतं एवढंच.

आपल्याकडे १३ हजार माणसं नाहीत. पण ‘सर्व’ नावाची एक यादी प्रत्येक दुकानात असते आणि तिच्यात कर्मचारी, प्लंबर, सब-डीलर, पाहुणे सगळे असतात. त्या यादीला खरेदी भावाची शीट गेली तर? सब-डीलरला तुमचा मार्जिन कळला, आता आख्खा सीझन तो त्याच आकड्यावर घासाघीस करणार. एका क्लिकची किंमत चार महिने मोजायची.

म्हणून प्रत्येक यादीसाठी पाच ओळी लिहा:

१. यादी कशासाठी? एका वाक्यात सांगता आलं नाही तर यादीची गरज नाही.
२. यादीचा मालक कोण? नावं घालणं-काढणं त्याच्याकडेच.
३. यादीला मेल कोण पाठवू शकतो? सगळे, फक्त आतले, की ठरावीक दोघं? मायक्रोसॉफ्ट आणि गुगल दोन्हीकडे ही सेटिंग असते. मोठ्या यादीला मेल जाण्याआधी मंजुरी लागेल असंही करता येतं.
४. बाहेरची माणसं आहेत का? असतील तर नावातच ‘बाहेर’ लिहा. आतली आणि बाहेरची माणसं एका यादीत नकोत.
५. उत्तर कोणाला जाईल? पाठवणाऱ्याला की सगळ्यांना?

आमच्या याद्या चारच आहेत: ‘सर्व कर्मचारी’, ‘काउंटर आणि गोडाऊन’, ‘ऑर्डर’ आणि ‘बाहेर – प्लंबर व डीलर’. शेवटच्या यादीला फक्त मी आणि हिशेबाच्या ताई मेल पाठवू शकतो. ‘ऑर्डर’ हा पत्ता कंपन्यांना दिलेला आहे, तो दोघांकडे जातो. एक जण सुट्टीवर असला तरी जून महिन्यात ठिबकची ऑर्डर अडकत नाही. पूर्वी ऑर्डरी एका मुलाच्या खासगी जीमेलवर यायच्या. तो गेला असता तर कंपन्यांशी झालेला सगळा पत्रव्यवहारही गेला असता.

आता एक गोष्ट नीट वाचा, कारण इथे हुशार माणसंही फसतात. ज्या पत्त्यावर ओटीपी किंवा पासवर्ड बदलण्याची लिंक येते, तो पत्ता निरोपाचा राहत नाही, तो चावीचा होतो. जीएसटी पोर्टल, बँक, वेबसाइट, यांच्या नोंदणीला जर तुम्ही ‘ऑर्डर’सारखी यादी दिली असेल, तर त्या यादीतला प्रत्येक जण “पासवर्ड विसरलो” दाबून आत जाऊ शकतो. अशा पत्त्यावर मोजकी माणसं ठेवा आणि त्याची नोंद ‘चावी’च्या रकान्यात करा. आणि नोंदणीला दुसऱ्याचाच नंबर-मेल दिला असेल, सोडून गेलेल्या माणसाचा किंवा सल्लागाराचा, तर हा लेख संपल्यावर पहिलं काम तेच.

येण्याचा दिवस, बदलीचा दिवस, जाण्याचा दिवस

आखणी कितीही चांगली असो, ती सडते ती या तीन दिवशी.

येण्याच्या दिवशी माणसाला स्वतःचा आयडी द्या. उसना आयडी एक दिवसही नको. कॉम्प्युटरच्या नोंदीत आयडीचं नाव येतं, कीबोर्डवरच्या हाताचं येत नाही. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहणं सक्तीचं आहे. आपल्यासारख्या एकट्या मालकीच्या दुकानाला तो नियम लागू नसला तरी सवय लावून घ्या. पण दोघं जण एकच आयडी वापरत असतील तर त्या मागाचा उपयोग शून्य. उलट माझ्यासारखा एखादा निर्दोष माणसाला फोन लावून बसतो.

बदलीच्या दिवशी नवीन ग्रुपमध्ये घालताना जुन्यातून काढा. गोडाऊनचा मुलगा काउंटरवर आला, मग हिशेबात मदत करू लागला, तर तीन वर्षांत त्याच्याकडे तिन्ही जागांच्या चाव्या जमतात. प्रामाणिक, जुना, विश्वासू माणूस असतो, म्हणून कोणी काढत नाही. त्याचा पासवर्ड एखाद्या फसव्या लिंकवर गेला तर चोराला तिन्ही जागा एकदम मिळतात.

जाण्याच्या दिवशी हिशेब चुकता करायच्या आधी ही यादी पूर्ण करा: खातं बंद, सगळ्या ग्रुपमधून नाव बाहेर, सगळ्या मेल याद्यांमधून नाव बाहेर, सामायिक पासवर्ड असतील ते बदललेले, त्याच्याकडच्या फाइल ताब्यात. खातं लगेच डिलीट करू नका, आधी ‘डिसेबल’ करा. विंडोज माणसाला नावानं ओळखत नाही, आतल्या एका क्रमांकानं ओळखतो. डिलीट केलेलं खातं त्याच नावानं पुन्हा काढलं तरी क्रमांक नवीन, जुन्या परवानग्या मिळत नाहीत.

आणि जाणाऱ्याला हे तोंडावर सांगा: “बाबा, तुझं नाव सगळीकडून काढलं, आता इथे काही झालं तरी तुझ्यावर येणार नाही.” यात त्याचा अपमान नाही, त्याचं संरक्षण आहे.

याशिवाय वर्षातून चारदा तपासणी. तारखा लक्षात राहत नाहीत म्हणून मी सण धरले आहेत: पाडवा, आषाढी, दसरा, संक्रांत. त्या आठवड्यात एक तास बसायचं, प्रत्येक ग्रुपची आणि यादीची प्रिंट काढायची, अनोळखी किंवा जुनं नाव दिसलं की लाल पेन.

सगळ्या चाव्या एकाच खिशात नकोत

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात २००८ साली असं झालं की महापालिकेच्या नेटवर्कचे मुख्य पासवर्ड एकाच इंजिनिअरकडे होते. वाद झाला, त्यानं ते द्यायला नकार दिला. त्याला अटक झाली, तरी पासवर्ड मिळेनात. शेवटी महापौर स्वतः तुरुंगात जाऊन भेटले तेव्हा त्यानं ते दिले.

आपल्याकडे हा इंजिनिअर म्हणजे ‘आमचा कॉम्प्युटरवाला’. चांगला माणूस असतो, मला त्याच्यावर शंका नाही. पण अॅडमिन पासवर्ड फक्त त्याच्याच डोक्यात आहे, हे चालणार नाही. अॅडमिन खाती दोन ठेवा. एक त्याच्याकडे, दुसऱ्याचा पासवर्ड बंद पाकिटात तुमच्या तिजोरीत. आणि मालकानं रोजचं काम अॅडमिन खात्यावर करू नये. मेल वाचायला, बिल बघायला साधं खातं. तुम्ही चुकीच्या लिंकवर क्लिक केलंत तर नुकसान साध्या खात्यापुरतं राहण्याची शक्यता जास्त.

“पण दादा, आमच्याकडे सर्व्हर नाही”

हा प्रश्न दर बॅचला येतो. चार माणसं, दोन कॉम्प्युटर, फुकटचं जीमेल. काही हरकत नाही. पद्धत तीच, अवजार छोटं.

विंडोजची ‘प्रो’ आवृत्ती असेल तर त्याच कॉम्प्युटरवर स्थानिक ग्रुप बनवता येतात. ‘होम’ आवृत्तीत ती खिडकी मिळत नाही, म्हणून धंद्यासाठी कॉम्प्युटर घेताना हे विचारा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येही कामानुसार अधिकार देता येतात, टॅलीत तशी सोय आहे. सगळे एकाच मुख्य आयडीवर बसवू नका.

जीमेलमध्ये संपर्कांना लेबल लावून यादी तयार होते. पण पाठवताना बाहेरच्यांची नावं ‘बीसीसी’त टाका, नाहीतर तुमचे सगळे ग्राहक एकमेकांना दिसतील. पैसे देऊन गुगल वर्कस्पेस घेतलं तर ग्रुप नीट बनवता येतात. पण लक्ष द्या: तिथे एकच ग्रुप मेलसाठीही चालतो आणि ड्राइव्हचं फोल्डर शेअर करायलाही चालतो. म्हणजे वर सांगितलेली मेख इथे जास्त लागू. नावाच्या सुरुवातीलाच ‘चावी’ किंवा ‘निरोप’ लिहा. प्रत्यक्ष पत्ता इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता.

व्हॉट्सअॅपवर धंदा असेल तर फरक तोच. ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये निरोप प्रत्येकाला वेगळा जातो, फक्त त्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला हवा. ग्राहकांसाठी ब्रॉडकास्ट, आतल्या माणसांसाठी ग्रुप.

ग्राहकांचे नंबर, कर्मचाऱ्यांचं आधार, पगार ही लोकांची माहिती आहे, तुमची नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची योग्य काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एवढा दंड आपल्या दुकानाला होईल असं मी म्हणत नाही. पण “आम्हाला माहीतच नव्हतं” हे उत्तर आता चालणार नाही.

आजचा गृहपाठ

कॉम्प्युटरला हात न लावता, कागदावर:

१. डाव्या बाजूला फोल्डर आणि सॉफ्टवेअर लिहा. जास्तीत जास्त दहा.
२. वरच्या बाजूला कामं लिहा. माणसांची नावं नाहीत, कामं.
३. प्रत्येक चौकटीत ‘वा’ म्हणजे वाचणे, ‘ब’ म्हणजे बदलणे, किंवा फुली.
४. दुसऱ्या पानावर मेलच्या याद्या आणि प्रत्येकीच्या पाच ओळी.
५. तिसऱ्या पानावर माणसांची नावं आणि समोर प्रत्येकाचं काम. हे पान पेन्सिलनं लिहा, कारण तेच बदलणार आहे.

कॉम्प्युटरवाल्याला बोलवा ते यानंतर. त्याला ही तीन पानं द्या आणि म्हणा, “असं करून दे.” त्याचं काम अर्ध्या दिवसात होईल, आणि काय केलं हे तुम्हालाही कळेल.

तो जुना पोरगा आता दुसऱ्या दुकानात चांगल्या पगारावर आहे. आमच्याकडे नसलेलं सामान मी त्याच्याकडे पाठवतो, तोही गिऱ्हाईक माझ्याकडे पाठवतो. संबंध राहिले, कारण तो मोठ्या मनाचा निघाला. प्रत्येक वेळी समोरचा तसा असेलच असं नाही, म्हणून ही तीन पानं आज संध्याकाळी दुकान वाढवायच्या आधी करून ठेवा.

तक्ता करताना कुठे अडलात तर कमेंटमध्ये तुमच्या धंद्याचा प्रकार आणि माणसांची संख्या लिहा, मी उत्तर देईन. फक्त पासवर्ड लिहू नका हो, मागच्या वेळी एकानं लिहिला होता!

भेटू पुढच्या व्हिडिओत.